शेवटच्या घराच्या अलीकडे

बुलढाणा,
२३ नोव्हेंबर १९७३

चि. सिंधूस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या दसऱ्याच्या पत्राला आज उत्तर लिहितो आहे. फार उशीर झाला, माफ कर. "कामात होतो" असं लिहिणार होतो, पण रोजनिशी लिहायला मला वेळ मिळतच होता. खरं कारण वेगळं आहे. त्या कॉम्प्युटरबद्दल तू जे लिहिलं होतंस ते मला नीट कळलं नव्हतं, आणि कळल्यासारखं दाखवून उत्तर देणं बरं वाटेना.

सध्या आम्ही देवीच्या शोधात आहोत. पूर्वी लस टोचत फिरायचो, आता घरोघर जाऊन रोगी शोधायचा असा हुकूम आहे. गेल्या सोमवारी सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका वस्तीवर गेलो होतो. वस्तीच्या मधून नाला जातो. अलीकडच्या बाजूने सुरुवात केली आणि चौथ्याच घराच्या दारावर कडुनिंबाचा पाला, म्हणजे घरात देवी असल्याची खूण, बांधलेला दिसला. आत बाजेवर एक लहान मुलगी होती. चेहरा, हात, सगळीकडे फोड. माझा लस टोचणारा सहदेव बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, निघाली!" त्याच्या तोंडावर आनंद होता. तो पाहून मला लाज वाटली, आणि लगेच लक्षात आलं की मलाही आनंदच झाला आहे.

दुपारपर्यंत त्या घरावर पहारेकरी बसवला, आजूबाजूच्या घरांना टोचलं आणि संध्याकाळी तार केली. अहवालात प्रश्न असतो : वस्तीत देवी आहे किंवा नाही? मी लिहिलं, आहे. सहदेव म्हणाला, "एकाच दिवसात मोहीम आटपली साहेब. आता सोनाळ्यात भजे खाऊ." खाल्ले.

तुझ्या पत्रात होतं की ऑफिसातल्या साहेबांशी तुझा वाद झाला, "मधूनच बाहेर पडण्यावरून". कशातून बाहेर पडणं? विज्ञान शिकून मला वीस-बावीस वर्षं झाली, तरी सोपं करून सांगितलंस तर समजेल. ताईला नमस्कार सांग.

तुझा
उत्तममामा


मुंबई,
२८ नोव्हेंबर १९७३

ती. उत्तममामांस,
सप्रेम जयभीम.

उशिराची माफी माझ्याकडे मागू नका, आईकडे मागा. "त्याले बहीण हाय हे त्याच्या रोजनिशीत लिहून ठेव म्हणा," असं ती म्हणाली. तसंच्या तसं लिहिते आहे.

कॉम्प्युटर एका थंडगार खोलीत असतो. आम्हाला आत जाता येत नाही. आम्ही हुकूम कार्डांवर भोकं पाडून लिहितो आणि गठ्ठा खिडकीत देतो. दुसऱ्या दिवशी छापील कागद मिळतो. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळा गठ्ठा परत येतो. माझा कागद पहिल्यांदा बरोबर आला तेव्हा मी तो घेऊन जिन्यात बसून राहिले. मी घरी झोपले होते, आणि तिकडे माझं म्हणणं शब्दन् शब्द ऐकलं गेलं होतं. इतकं नीट मला आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही, मामा. इथे "मले" म्हटलं तरी दोघीतिघी माना वळवतात.

आता वाद. एकच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं असेल तर आम्ही लूप लिहितो. तुम्ही फेरा म्हणा. माझ्याकडे गावोगावच्या पावसाची कार्डं आहेत, जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत रोजचा एक आकडा. प्रत्येक गावात लांब उघडीप पहिल्यांदा कधी पडली ते शोधायचं. यंत्र एकेक दिवस बघत जातं. यंत्राला कंटाळा येत नाही, म्हणून थांबावं हेही त्याला आपोआप कळत नाही. बाहेर पडायची अट लिहायला विसरलं तर ते कुणी बंद करेपर्यंत फिरत राहतं. एकदा माझं तसं झालं होतं. काचेपलीकडे दिवे लुकलुकत होते आणि मला भीतीही वाटत होती, आणि नजरही हलत नव्हती.

माझं म्हणणं साधं आहे. जुलैत उघडीप सापडली तर सप्टेंबरपर्यंत कशाला जायचं? मी तिथेच "गो टू" लिहून फेऱ्याबाहेर उडी मारते. यंत्राचा वेळ वाचतो. साहेबांना हे आवडत नाही. परदेशात सध्या यावर मोठे वाद चालू आहेत म्हणे, आणि साहेब ते सगळं वाचतात. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर आलात हे दिसतं. का बाहेर आलात ते दिसत नाही. सापडलं म्हणून आलात, की सगळं बघून संपलं म्हणून? तुमच्यानंतर हा प्रोग्राम वाचणाऱ्याला कसं कळावं?" मी म्हटलं, ज्याला वाचता येतं त्याला कळेल. जास्त बोलले मी, पण चूक बोलले असं अजून वाटत नाही.

तुमचं पत्र वाचून तर मला जोर आला. तुमच्या सहदेवनं तेच केलं की! सापडलं, थांबला, काम झालं. साहेबांना पत्र वाचून दाखवावं असं मनात येतंय.

तुमची
सिंधू


सोनाळा,
४ डिसेंबर १९७३

चि. सिंधूस,
सप्रेम जयभीम.

साहेबांना माझं पत्र दाखवलं नसशील अशी आशा करतो.

तुझं पत्र एकदा वाचलं तेव्हा कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या साहेबांच्या प्रश्नापाशी अडकलो. का बाहेर आलात? सहदेवला बोलावलं.

"सहदेव, आपण नाल्यापलीकडे गेलो होतो का?"

"नाही ना साहेब. अलीकडंच सापडली ना."

"मग पलीकडे नाही हे कशावरून?"

"तिकडं दारावर पाला नव्हता. अथूनच पाह्यलं."

"म्हणजे पाहिलं नाही."

"पाह्यलं म्हंजे... लांबून पाह्यलं," तो म्हणाला. आणि पुढे, "तुमी बी तं तार कराले निघाले होते साहेब."

खरं होतं. माझ्या अहवालातला शब्दन् शब्द खरा आहे. देवी आहे का? आहे. पण मी तो पुढे पाठवला तेव्हा वाचणाऱ्याला वाटलं असणार की सगळी वस्ती पाहून झाली. "अजून कोणाकोणाला?" हे अहवाल विचारत नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तुझ्या कामात पहिली उघडीप हवी आहे, म्हणून तुला थांबता येतं. आम्हाला पहिली मुलगी नको होती. सगळे हवे होते.

काल पुन्हा गेलो. नाला ओलांडला आणि दोघेही उभेच राहिलो. पलीकडच्या एकूण एक दारावर पाला.

"घ्या," सहदेव म्हणाला. "आता काय वाचाव?"

अलीकडे देवी निघाल्याचं आम्हीच जगजाहीर केलं होतं. म्हणून पलीकडच्यांनी ती आपल्या दारावरून पुढे जावी यासाठी पाला बांधला. ज्या खुणेवर आम्ही विसंबलो होतो ती आमच्याच येण्याने निकामी झाली. मग प्रत्येक घरात शिरून, बाजेपाशी जाऊन पाहणं आलं. बऱ्याच घरांत काही नव्हतं. शेवटच्या घराच्या अलीकडचं घर गोजरबाईंचं. विधवा बाई, चार एकर शेती, एक मुलगा हिंमत, एक लेक तानुबाई. लेक सासरहून भावाच्या लग्नासाठी लवकर आलेली. मी पाणी मागितलं, त्यांनी दिलं. कसं दिलं ते लिहीत नाही. पाणी थंड होतं.

"घरात कोणी आजारी आहे का मावशी?"

"आजारी कोनी नाही."

"देवी?"

त्या म्हणाल्या, "पाहुणी आली म्हंजे आजार होते का? तुमी बुद्धाचे लोकं, तुमाले काय सांगाव."

तानुबाई आत होती. आम्ही पहिल्यांदा आलो त्या सोमवारी ती नुसती तापाने आणि फोडांनी भरली असणार. आमच्यापासून नाल्याच्या रुंदीवर, आणि दारावरचा पाला आम्हाला लांबून दिसला नसणार. आता बरी आहे, खपल्या धरल्या आहेत, चेहऱ्यावरच्या पडूही लागल्या आहेत. घरातल्या सगळ्यांना लगेच टोचलं. गोजरबाईंनी हात पुढे केला, पण तोंड भिंतीकडे ठेवून.

यांच्याकडे रीत अशी आहे की देवी घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, घरातल्या माणसाने गाव सोडायचं नाही. खपल्या पडल्या की निंबाच्या पाण्याने आंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग देवीची बोळवण. त्यानंतर माणूस मोकळा. आमचं शास्त्र अगदी हेच सांगतं, सिंधू. शेवटची खपली पडेपर्यंत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. हे मला कॉलेजात शिकवलं गेलं. यांना कोणी शिकवलं असेल याचा विचार करत मी त्या अंगणात कितीतरी वेळ उभा होतो.

पण अडचण इथेच आहे. हिंमतचं लग्न वडनेर भोलजीला आहे, रविवारी, सोळा तारखेला. पुढे पौष लागतो, म्हणजे लग्न माघातच. गोजरबाई म्हणतात, "तोंड पाहा पोरीचं, साफ होऊन राह्यलं. शनिवारी बोळवण करतो अन् इतवारी लग्न."

"शेवटची खपली पडू द्या, मावशी."

"कवा पडन?"

"सांगता येत नाही."

"मंग मांडवातल्या लोकाइले हेच सांगू का, सांगता येत नाही म्हून?"

दारावर पहारेकरी बसवला आहे. येताना सहदेव म्हणाला, "अन् मांगच्या दाराचं काय साहेब?" लग्नाला वऱ्हाड येईल, चार तालुक्यांतून माणसं येतील आणि चार तालुक्यांत परत जातील. तानुबाई त्या मांडवात गेली तर ही वस्ती आम्ही शोधलीच नव्हती असं होईल.

तुझा
उत्तममामा


मुंबई,
८ डिसेंबर १९७३

ती. उत्तममामांस,
सप्रेम जयभीम.

सहा तारखेला मी आणि आई चैत्यभूमीवर गेलो होतो. परत आलो तर तुमचं पत्र आलेलं. आईने ते मोठ्याने वाचायला लावलं आणि गोजरबाईंच्या घरच्या पाण्यापाशी आल्यावर म्हणाली, "पुढं वाच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी माझे जुने छापील कागद काढले. मामा, एका गावाची उघडीप माझ्या प्रोग्रामने "३१ सप्टेंबर"ला सुरू झाली असं छापलं होतं. महिनाभर तो कागद माझ्या टेबलावर होता, आणि सप्टेंबरला एकतीस नसतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. कार्डं हाताने तपासली. त्या गावात त्या वर्षी लांब उघडीप पडलीच नव्हती. यंत्र बिचारं शेवटपर्यंत गेलं, काही सापडलं नाही, आणि ते फेऱ्याबाहेर आलं. मोजणीचा आकडा शेवटच्या दिवसाच्या एक पुढे जाऊन राहिला होता. मी तोच उचलला आणि "सापडलं" म्हणून छापला. सापडून बाहेर येणं आणि न सापडता बाहेर येणं, दोन्ही वाटा मी एकाच ठिकाणी आणून सोडल्या होत्या, आणि तिथे आलेल्याला काहीच विचारलं नव्हतं.

साहेबांना मी स्वतः जाऊन दाखवलं. ते हसले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. आता मी असं लिहिते : फेरा सुरू व्हायच्या आधी एक खूण शून्यावर ठेवायची, म्हणजे "अजून नाही". सापडलं की ती एक करायची आणि मगच बाहेर पडायचं. बाहेर आल्यावर आधी खूण विचारायची, आकडा नंतर. शिवाय एक कार्ड जास्तीचं, जे यंत्र वाचत नाही, फक्त माणसासाठी असतं. त्यावर साध्या शब्दांत लिहायचं की इथून का निघालो. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता उडी मारलीत तरी चालेल."

हे सगळं तिकडे तुमच्यापुढे जे आहे त्याच्यासमोर किती लहान आहे. माझ्या चुकीने एका गावाचा पाऊस चुकला. पहारेकऱ्याच्या भरवशावर राहू नका, आणि गोजरबाईंशी वाद घालू नका. तुम्ही वाद जिंकता आणि मग दोन दिवस जेवत नाही, हे मला ठाऊक आहे.

एक विचारू? तुमच्या पत्रात गोजरबाई बोलतात, सहदेव बोलतो, तुम्ही बोलता. तानुबाई कुठेच बोलत नाही. तिला कोणी विचारलं का?

तुमची
सिंधू


सोनाळा,
१२ डिसेंबर १९७३

चि. सिंधूस,
सप्रेम जयभीम.

नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं. मी तिचे हात, मान, कपाळ सगळं तपासलं होतं आणि तिच्याशी एक वाक्य बोललो नव्हतो. पत्र काल मिळालं, आज सकाळीच वस्तीवर गेलो.

ती ओसरीत बसली होती. चेहरा खरंच मोकळा झाला आहे, व्रण राहिले आहेत. गोजरबाई तांदूळ निवडत होत्या, लग्नाचेच असावेत. मी म्हटलं, "तानुबाई, लग्नाला जायचं म्हणतात तुमच्या आई. तुम्हाला काय वाटतं?"

तिने आधी आईकडे पाहिलं. "मले कोनी इचारलंच नाही आतापर्यंत."

"इचाराचं काय त्यात?" गोजरबाई म्हणाल्या. "एकुलत्या भावाचं लग्न हाय. करवली तू. तुह्याबगर हळद लागन का?"

तानुबाईने पाय लांब केला आणि तळवा आईसमोर धरला. "माय, तोंड तुले दिसते. हे दिसत नाही."

तळव्याच्या जाड कातडीत काळपट दाणे रुतून बसले होते, मसुरीच्या डाळीएवढे. तिथले सगळ्यात उशिरा पडतात. मागच्या खेपेला मी तळवे पाहिले होते, पण तिच्या आईला दाखवायचं सुचलं नव्हतं.

"मी नवरीले हळद लावाले जाईन अन् तिले हे देऊन यीन," ती म्हणाली. "मंग जनमभर ती आरसा पाह्यला की माह्यं नाव घेईन. मी नाही जात, माय. तुले जाचं तं जाय."

गोजरबाईंचे हात तांदळात तसेच राहिले. मग त्या माझ्यावर घसरल्या. "तू तं देवीले मानत नाही. मंग तिच्या बोळवणीची वाट पाहाले आमाले काऊन सांगतं?"

"मी खपलीची वाट पाहतो, मावशी. तुम्ही देवीची वाट पाहता. दोघी एकाच दिवशी निघतील."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "वकील व्हाचा होता तू," म्हणाल्या.

हे उत्तर मी आधी जुळवून नेलं नव्हतं, पण तेव्हापासून ते मला बोचतं आहे. जे आपण सोडलं, ज्यातून आपल्या माणसांनी मोठ्या कष्टाने पाय काढला, त्याचाच आधार घेऊन मी त्या बाईला थांबवलं का? की दोन माणसं दोन नावांनी एकाच गोष्टीकडे बघत होती आणि मी फक्त तेवढं म्हणालो? मला ठरवता आलेलं नाही.

एक मात्र तुला सांगायचं आहे, कारण ते तुझ्या फेऱ्यावरून सुचलं आणि दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहील. हा रोग जनावरात राहत नाही, पाण्यात राहत नाही. माणसातून माणसातच जातो. म्हणजे तानुबाईला तो कोणापासून तरी आला, त्या माणसाला आणखी कोणापासून, त्यालाही कोणापासून. असं मागे मागे जात राहिलं तर राजे येतील, राजांच्या आधीचे येतील, ज्यांची नावं कोणी ठेवली नाहीत ते येतील, आणि मध्ये एकही माणूस गळलेला नसेल. एक जरी गळला असता तर तो आज इथे पोचला नसता. कित्येक हजार वर्षं हा फेरा न थांबता चालला आहे, आणि दर खेपेला त्याला फक्त पुढचा एक माणूस लागतो. तो मिळाला नाही की संपला. त्याला बाहेर काढायची अट एवढीच.

आणि आज सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी एका ओसरीत तो फेरा एका बाईच्या तळपायाशी येऊन थांबला होता, आणि ती म्हणाली, मी नाही जात. मी चष्मा पुसत बाहेर आलो. सहदेवला वाटलं काही वाईट झालं. "काय झालं साहेब?" मी म्हटलं, काही नाही. काही झालं नाही, हेच तर झालं.

लग्न करवलीशिवाय करायचं नाही असं गोजरबाईंनी ठरवलं. हिंमत सगळं ऐकत दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मी जाऊन सांगू का सासऱ्याले?" मी म्हटलं, अजून काही दिवस घरातलं कोणीच वस्तीबाहेर जायचं नाही. "नवरदेव असून बी?" "नवरदेव असूनही." तो इतका हिरमुसला की त्याच्या आईला हसू फुटलं.

मग त्यांनी अट घातली. "मुलीचा बाप पंजाबराव तापट हाय. मांडव पडला, पत्रिका गेल्या. आमच्याच्यानं नाही सांगनं होत. तू अडवलं, तूच जाय. सोयरीक मोडली तं ते बी तुह्यावर." मी हो म्हणालो. हो म्हणताना भीती वाटली. मांडव पडलेल्या घरी जाऊन लग्न महिनाभर पुढे न्या असं सांगणारा मी त्यांचा कोण? मला ओसरीवर घेतील की अंगणातूनच ऐकतील, माहीत नाही. ऐकतील तर पुरे. देवीचं नाव काढलं तर मुलीकडचे कदाचित कायमचेच मागे फिरतील, आणि न काढता सांगितलं तर ते खरं होणार नाही. मी खरं सांगणार आहे. तानुबाईचं वाक्य जसंच्या तसं सांगणार आहे, कारण ते त्यांच्याच मुलीसाठी होतं.

ताईला सांग, पत्र वेगळं लिहितो. रोजनिशी बुलढाण्याला राहिली, म्हणून उद्याचं काम इथेच टिपून ठेवतो.

तुझा
उत्तममामा

उद्या : सकाळच्या नांदुऱ्याच्या गाडीने वडनेर भोलजीला जाऊन पंजाबरावांना लग्न माघात नेण्याची विनंती करणे.